चांदवेलीचा हिशेब: घरामागच्या परसबागेच्या नोंदी

जागा: श्रीरामपूरजवळ, प्रवरेच्या कालव्याखालचं काळं रान. घरामागे पावणेतीन गुंठे, त्यात आठ गादीवाफे, एक वालाचा मांडव, शेवगा, कढीपत्ता, आणि आईंची (सासूबाईंची) तुळस.

13 नोव्हेंबर 2022, रविवार

आज वालाच्या शेंगा तोडताना हात पांढऱ्या-गुलाबी फुलांत गेला. वालाचं फूल असं नसतं. नरसाळ्यासारखं, रुपयाएवढं, मागून पाहिलं तर गुलाबी पट्टे. मांडवाच्या डाव्या बाजूला वालाच्या प्रत्येक वेलावर दुसराच एक बारीक वेल चढलेला. पान बाणाच्या टोकासारखं, देठाकडे दोन्ही बाजूंना कान. मातीत उमटलेल्या हरणाच्या खुरासारखं दिसतं, म्हणून हिला हरणखुरी म्हणतात. आमच्याकडे चांदवेल.

आई म्हणाल्या, "किती गोड फूल आहे गं. तुळशीजवळचा एक राहू दे." मीही राहू दिला. गेल्या वर्षी एकदोन फुलं दिसली होती तेव्हाही मी असंच केलं होतं. चुकीची पहिली नोंद माझ्याच नावावर पडते आहे.

खात्री करून घेतली. फुलाच्या देठाच्या मधोमध दोन इवल्या पानांची जोडी आहे, फुलाला चिकटलेली नाही. ही खूण पक्की. वनस्पतिशास्त्रातलं नाव कॉन्व्हॉल्व्ह्युलस आर्वेन्सिस, लिनियसने 1753 मध्ये दिलेलं. अर्थ साधारण "शेतातली गुंडाळणारी". कुळ रताळ्याचं. कालव्याच्या कडेचा बेशरम, कुंपणावरची गणेशवेल, बोगनवेलीवर पिवळ्या दोऱ्यासारखी पडणारी अमरवेल, ही सगळी भावंडं. अमरवेल दुसऱ्याचा रस पिते. चांदवेल तसं करत नाही, तिला फक्त आधार हवा असतो. हे वाचून मला जरा बरं वाटलं होतं. उगाच.

वाफा 3 मध्ये (12 फूट बाय 4 फूट) जमिनीतून वर आलेले कोंब मोजले: 11. दर वेळी याच वाफ्यात मोजायचं ठरवलं.

ही आली कुठून? 2021 च्या उन्हाळ्यात गादीवाफ्यांसाठी दोन ट्रॉली पोयटा विकत घेतला होता. तो कुणाच्या तरी गव्हाच्या रानातला होता. ज्या चार वाफ्यांत तो पोयटा पडला, त्याच चार वाफ्यांत आज चांदवेल आहे. बाकीचे चार स्वच्छ. मातीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "काळी माती म्हटल्यावर थोडं तण येणारच की मॅडम."

20 नोव्हेंबर 2022

ह्यांनी मित्राकडून छोटा पॉवर टिलर आणला. वाफा 2, 3 आणि 4 पंधरा मिनिटांत भुसभुशीत. काम इतकं सुंदर झालं की फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. मी नको म्हणाले होते, असं इथे लिहावंसं वाटतं. पण नव्हते म्हणाले.

शेजारचे आबा बांधावरून बघत होते. म्हणाले, "बाई, हरळीच्या काशा येचायच्या आसत्यात, दळायच्या नसत्यात. हिचंबी तसंच." तोवर दळून झालं होतं.

11 डिसेंबर 2022

वाफा 3: 64 कोंब.

टिलर फिरवल्यापासून तीन आठवड्यांत 11 चे 64. खुरप्याने एकेक कोंब हळूच उकरला. प्रत्येकाच्या खाली बोटभर लांबीचा, पांढरा, सुतळीएवढा मुळाचा तुकडा. दोन इंची तुकड्यालाही वर कोंब आणि खाली नवी मुळं फुटलेली. टिलरने आम्ही बियाणं पेरलं होतं, तेही ओळीत, सारख्या अंतरावर.

हरळी आणि चांदवेल यांत एक फरक लिहून ठेवते, कारण आबांची तुलना अर्धीच खरी आहे. हरळीची काशी म्हणजे जमिनीखालून धावणारं खोडच, आणि ती बहुतेक वरच्या वीतभर थरात असते. वेचता येते. चांदवेलीचं मात्र खरंखुरं मूळच डोळे धरतं. कुठल्याही खोलीवर. वेचायला खाली किती जाणार?

1 जानेवारी 2023

किती खाली जातं ते पाहायचंच होतं. नवीन वर्षाचा मुहूर्त. वाफा 3 च्या कडेला हाताभर रुंद चर खणायला घेतला. ह्यांनी पहार धरली, मी टोपलं. शाळेतल्या मुलांना मुळांचे प्रकार फळ्यावर काढून दाखवणारी मी, पण एका झाडाचं मूळ शेवटपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या फुटात पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं, आडवं. त्यातला एक दोर तीन फूट आडवा गेला आणि मग एकदम खाली वळला. जिथे वळला तिथेच वर एक नवा कोंब. म्हणजे वर दिसणारी पाच वेगळी झाडं खाली एकच होती. दोन फुटांवर मुळं कमी झाली, पण जाड झाली. साडेतीन फुटांवर मुरूम लागला. मूळ मुरमाच्या भेगेत शिरून पुढे गेलेलं. चार फुटांवर आम्ही थांबलो. मूळ थांबलं नव्हतं.

पुस्तकांत वीस फुटांपर्यंत गेलेल्या मुळांच्या नोंदी आहेत. आमच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे तिला खाली जायला रस्ताही आम्हीच देतो.

चराच्या भिंतीत तुटलेल्या मुळाच्या टोकातून दुधासारखा चीक आला. आई चर बघायला आल्या आणि म्हणाल्या, "वाळवंटातल्या विहिरीसारखं खणलंय. पाणी लागलं का?"

15 जानेवारी 2023, संक्रांत

सुट्टीचा प्रयोग. वाफ्यात एक बांबूची काठी रोवली, वेलाच्या टोकापासून चार बोटं दूर. टोक हवेत गोल फिरत आधार शोधतं हे माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहायचं होतं. तिळगूळ वाटत येता-जाता कागदावर टोकाची दिशा मांडली. सव्वादोन तासांत एक पूर्ण फेरी. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट. तिसऱ्या फेरीत काठी सापडली.

मग मुद्दाम एका वेलाचा पीळ सोडवून काठीभोवती उलट दिशेने गुंडाळला आणि दोऱ्याने बांधला. संध्याकाळी पाहिलं तर दोऱ्याच्या वरचं कोवळं टोक सुटून पुन्हा आपल्या मूळ दिशेला वळलेलं.

याचा व्यवहारात उपयोग आहे. वालही त्याच दिशेने चढतो. त्यामुळे मांडवावर दोन्ही वेल एकमेकांत दोरीच्या पेडांसारखे पिळले गेलेत, ओढला तर वाल तुटतो. चांदवेल काढायची असेल तर बुडाशी कापायची, वरचा भाग तसाच ठेवायचा, आणि दोन दिवसांनी मलूल झाल्यावर काट्याच्या दिशेने उलगडायची. ओढाओढीत गेल्या महिन्यात वालाचे तीन वेल गेले.

12 फेब्रुवारी 2023

तुळशीजवळच्या, आईंच्या लाडक्या वेलाला बोंडं धरलीत. एका बोंडात जास्तीत जास्त चार बिया. काळपट तपकिरी, खरखरीत, दोन बाजू सपाट आणि पाठ गोल, मोसंबीच्या फोडीसारखी.

चांदवेलीचं फूल स्वतःच्याच परागावर बी धरत नाही. दुसऱ्या वेगळ्या झाडाचा पराग लागतो. एकाच मुळावरून पसरलेले सगळे वेल या हिशेबात एकच झाड. म्हणजे आमच्याकडे बी धरलं याचा अर्थ दुसरं झाड आसपास आहे. माझ्या पोयट्यात दोन आली असतील, नाहीतर आबांच्या गव्हाच्या बांधावरून मधमाशा ये-जा करत असतील. बांधावर जाऊन पाहिलं: गुडघ्याएवढ्या गव्हात पांढरी फुलंच फुलं. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं, पण माशांना तेवढा वेळ पुरतो.

20 बिया ओल्या कापडात ठेवल्या, आणखी 20 बिया आधी काचकागदावर घासून ठेवल्या.

22 फेब्रुवारी 2023

न घासलेल्या: 2 रुजल्या. घासलेल्या: 17.

साल इतकी टणक की पाणीच आत शिरत नाही. जी बी यंदा रुजली नाही ती मेली असं नाही, ती थांबली आहे. मातीत पन्नास वर्षंही तग धरते असं नोंदलेलं आहे. जनावराच्या पोटातूनही काही बिया शाबूत बाहेर पडतात. म्हणजे शेणखत घेताना ते पूर्ण कुजलेलं आहे ना, हे आता हात घालून बघायचं. खड्डा गरम झालेला असला पाहिजे.

आईंना रुजलेल्या बिया दाखवल्या. काही बोलल्या नाहीत. दुपारी तुळशीजवळचा वेल नव्हता.

19 मार्च 2023

चार दिवस अवकाळी पाऊस. आबांचा गहू लोळला. लोळलेल्या गव्हावर चांदवेल अशी पसरली की कापणीयंत्रवाला आधी नको म्हणाला. वेल यंत्रात गुंडाळला जातो. आबा म्हणाले, "औंदा तिनं आन् पावसानं मिळून खाल्लं."

तणनाशकाचा विषय निघाला. दुकानदार टू-फोर-डी देतो. गव्हातल्या रुंद पानांच्या तणांवर ते चालतं, चांदवेलीचा वरचा भाग जळतो, आणि वेल फुलोऱ्यात असताना मारलं तर अन्नरसाबरोबर औषधही मुळाकडे जातं, म्हणून तेव्हा परिणाम जास्त. पण आमचा मामला गव्हाचा नाही. टोमॅटो, वांगी, वाल ही सगळी रुंद पानांचीच. टोमॅटोला या औषधाचा नुसता वारा लागला तरी पानं पिळवटतात. कपाशी आणि द्राक्षंही तशीच नाजूक. शेजारच्या फवाऱ्यामुळे बाग गेल्याची भांडणं आपल्याकडे नवी नाहीत. ग्लायफोसेटवर तर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्येच बंधन घातलं आहे की ते परवानाधारक कीडनियंत्रणवाल्यांमार्फतच मारायचं. आणि चार फुटांखाली गेलेलं मूळ एका फवारणीत मरत नाही, ते वेगळंच.

खाण्याची भाजी आहे, मारायचं नाही. ठरलं.

23 एप्रिल 2023

काल अक्षय्य तृतीया झाली. महिनाभरापूर्वी वाफा 5 वर काळा मल्चिंग पेपर आणि वाफा 6 वर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं होतं, कडा मातीने दाबून. (पोयट्याचे वाफे 2, 3, 4 आणि 6. पाचव्यात मूळ कसं शिरलं? चौथ्यातून, आडवं. तीन फुटांत पोचलं.)

शाळेतला थर्मामीटर आणून दुपारी दोनला मोजलं. पारदर्शक प्लास्टिकखाली दोन इंचांवर 54 अंश, फूटभर खाली 36. वरच्या थरातली रोपं, गवत, लव्हाळ्याचे कोंब उकडून गेले. 36 अंशांवर चांदवेलीच्या मुळाला काय होणार? ते तर आपल्या नेहमीच्या दुपारच्या सावलीपेक्षा कमी झालं.

काळ्या कागदाखाली पांढरे, रंग उडालेले, हातभर लांब कोंब उजेड शोधत फिरतायत. दोन कोंब कडेपर्यंत पोचून बाहेर आले आणि दोन दिवसांत हिरवे झाले. प्लास्टिक कुचकामी नाही, पण त्याला वर्षं द्यावी लागतात, एका उन्हाळ्याने भागत नाही. आणि कडेचं राखण रोज करावं लागतं.

काढलेल्या वेलांचं काय करायचं हा प्रश्न सुटला. गच्चीवरच्या पत्र्यावर पसरले, चार दिवसांत पापडासारखे कडक झाले. मुळांचे तुकडे मात्र बादलीत पाण्यात बुडवून झाकण लावून ठेवले आहेत. वास असह्य. कंपोस्टच्या खड्ड्यात एकही टाकायचा नाही.

7 मे 2023

मावसबहिणीचा फोन. "तू दिवाळीत दिलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीत किती गोड फूल आलंय म्हणून सांगू!"

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंसं तर आहे." हे वाक्य मी कुठेतरी ऐकलेलं आहे.

वाफ्यातली माती घालून कुणालाही रोप द्यायचं बंद. खुरपी, कुदळ, टोपलं पोयट्याच्या वाफ्यांतून काढलं की आधी धुवायचं, मग दुसरीकडे.

21 मे 2023

पाणी बंद केलेल्या वाफा 3 मध्ये वर काहीही नाही. करडी, भेगाळलेली जमीन. ह्यांनी जाहीर केलं की उन्हाने काम केलं. आबा नुसते हसले.

भाचीने इंग्लंडहून फोटो पाठवला. तिच्याही बागेत "तीच". पण ती तीच नाही. तिचं फूल वाटीएवढं, पांढरंशुभ्र, आणि फुलाच्या बुडाशी दोन मोठी पानं पाकळ्यांखालचा हिरवा भाग झाकून टाकणारी. ही कुंपणावरची चांदवेल, कॅलिस्टेजिया, आमच्या हरणखुरीची चुलत बहीण. ती जमिनीखालच्या पांढऱ्या, जाड खोडांनी पसरते आणि ती खोडं बहुतेक वरच्या फूटभरात असतात. म्हणून तिथले लोक काट्याने माती उलथून ती चिकाटीने वेचून काढतात आणि बरंचसं जमतंही. मी तिला लिहिलं, तू खण. मला तो मार्ग नाही.

2 जुलै 2023

पाऊस यंदा रेंगाळत आला. मुंबईला पोचला तोच 25 जूनला. आमच्याकडे पहिली बरी सर गेल्या आठवड्यात. वाफा 3 मध्ये आज 58 कोंब. मे महिन्यातल्या त्या करड्या जमिनीतून.

आजपासून एकच पद्धत. खणणं नाही, ओढणं नाही, टिलर नाही. दर दुसऱ्या रविवारी खुरपं जमिनीत दोन-तीन इंच तिरपं घालून प्रत्येक कोंब कापायचा.

यामागचा हिशेब असा. मूळ म्हणजे तिचं कोठार. नवा कोंब फुटतो तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे तो कोठारातलंच खातो. पानं पुरेशी झाली की मग उलटा प्रवाह सुरू होतो, पानं अन्न करून खाली पाठवतात. त्याआधी कापलं तर दर खेपेला कोठारातून काढलं जातं, भरलं जात नाही. उशीर झाला तर आपण तिला फक्त छाटणी करून दिली. एरवी मी आठवड्याला थोडं, महिनाभर काही नाही, मग एकदम दिवसभर, असं करत होते. तिला ते सोयीचं होतं.

मोजणीत बदल. नुसते कोंब मोजून कळत नाही, कारण कापल्यावर एकाच्या जागी दोन फुटतात. कापलेले कोंब स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे. आज: 58 कोंब, 410 ग्रॅम. (काटा धुऊन ठेवला. आईंनी दोनदा विचारलं.)

वाफा 2 आणि 4 मध्ये ताग दाट फेकला. चांदवेलीला सावली सोसत नाही. ताग दीड महिन्यात पुरुषभर वाढतो आणि खालचा उजेड खातो.

30 जुलै 2023

वाफा 3: 61 कोंब, 300 ग्रॅम. आकडा वाढला, वजन उतरलं. कोंब बारीक आहेत.

तागात वाकून पाहिलं. चांदवेल आहे, पण फिकी, पानं नखाएवढी, फूल नाही. काही वेल तागावर चढायला लागलेत, ते हाताने कापले.

21 ऑगस्ट 2023, नागपंचमी

13 तारखेचा रविवार हुकला. धोंड्याचा महिना, जावयाला माहेरी जेवायला बोलावलं होतं. अनारसे, पुरणाचे धोंडे, ह्यांना पोशाख. चांदवेलीसाठी जावयाचा मान मोडता येत नाही.

आज शाळेला सुट्टी म्हणून सकाळी खुरपं घेऊन निघाले तर आई दारात उभ्या. "आज जमिनीत लोखंड घालायचं नाही. नागाला लागतं." मी म्हणाले, "आई, फक्त दोन इंच." "दोन इंच काय नि दोन फूट काय." खुरपं परत ठेवलं. मंगळवारपासून शाळा. म्हणजे आता थेट रविवारी.

पाऊस गायब आहे. अख्खा ऑगस्ट कोरडा चाललाय, विहिरीवर भागवतोय. टोमॅटो दुपारी माना टाकतात. चांदवेल टवटवीत. तिची विहीर आमच्या विहिरीपेक्षा खोल असावी.

27 ऑगस्ट 2023

चार आठवड्यांचा खंड. वाफा 3: 55 कोंब, 520 ग्रॅम. जुलैपेक्षा जास्त. जाड, गर्द हिरवे, दोघांना कळ्या. दोन महिन्यांत जे काढलं त्यातलं बरंच एका खंडात परत गेलं असणार. एकच वांगं होतं वाफ्याच्या कडेला. वेल शेंड्यापर्यंत जाऊन त्याला आडवं पाडून बसलेला.

ताग 15 ऑगस्टला कापून जागीच पसरला होता. तिथे आज कोंब कमी आहेत, पण आच्छादनातून वर येतायत.

24 सप्टेंबर 2023

52 कोंब, 240 ग्रॅम. गणपती झाले. दोन्ही फेऱ्या वेळेवर.

22 ऑक्टोबर 2023

44 कोंब, 150 ग्रॅम. आता कोंब शिवणाच्या दोऱ्याएवढे. खुरपं लावलं की आवाजही होत नाही. फेरीला सुरुवातीला अडीच तास लागायचे, आज आठही वाफे पन्नास मिनिटांत.

मधल्या वाफ्यात मेथी पेरायची आईंची इच्छा. मी नको म्हटलं. मेथी उपटून जुडी बांधताना चांदवेल हमखास जुडीत जाते, आणि दाट मेथीत खुरपं फिरत नाही. त्याऐवजी फ्लॉवर आणि वांगी, दीड-दीड फुटावर, मध्ये खुरपं घालता येईल अशी. तणाच्या सोयीने पीक निवडण्याची वेळ आली.

19 नोव्हेंबर 2023

दिवाळी झाली. 37 कोंब, 120 ग्रॅम. मांडवाखाली यंदा एकही पांढरं फूल नाही. वालाला शेंगा मात्र नेहमीपेक्षा उशिरा. त्याचा चांदवेलीशी संबंध नाही, पाऊसच नव्हता.

3 डिसेंबर 2023

26-27 नोव्हेंबरला अवकाळीने झोडपलं, कुठे कुठे गाराही पडल्या. आज वाफा 3 मध्ये पाहिलं आणि पोटात गोळा आला. लहान लहान हिरवं, जिकडेतिकडे. आठ महिन्यांच्या मेहनतीवर पाणी, असं वाटलं (जुलैपासून पाचच झालेत, पण तेव्हा आठ वाटले).

मग चष्मा लावून बसले. मुळावरून आलेल्या कोंबाला बीजदलं नसतात, तो थेट खऱ्या, बाणासारख्या पानांनी वर येतो. बी रुजून आलेल्या रोपाला आधी दोन बीजदलं असतात: जवळजवळ चौकोनी, लांब देठाची, टोकाला खाच. मोजलं. बियांची रोपं 31, मुळाचे कोंब 33. दोन वेगळे हिशेब आहेत. बियांची रोपं चिमटीत धरून उपटली की संपतात, मुळासकट येतात. पण दीड महिना राहिली तर तीही खोल मूळ धरून बसतील.

या बिया कुठल्या? वाफा 3 मध्ये बोंडं धरू दिली नव्हती. 2021 च्या पोयट्याबरोबर आलेल्या असणार, आपली वेळ बघत बसलेल्या.

31 रोपं उपटायला वीस मिनिटं लागली.

14 जानेवारी 2024

26 कोंब, 70 ग्रॅम. 2023 च्या जानेवारीतला चर बुजवला होता, तिथे मात्र सगळ्यात जोमदार कोंब येतात. भुसभुशीत माती, खाली चार फुटांपर्यंत मोकळी वाट. तो चर खणायला नको होता. पण खणला नसता तर ही वही तिसऱ्या पानावर संपली असती.

25 फेब्रुवारी 2024

आबांच्या बांधाचा प्रश्न. माझ्या कुंपणापासून हातभर पलीकडे तिचं मूळ गाव आहे. कुंपणाखालून आडवी मुळं येत राहणार. पत्रा पुरायचा विचार केला, पण फूट-दीड फुटाच्या पत्र्याखालून ती सहज जाईल.

आबांना विचारलं, "आबा, तुमच्या बांधाची दोन हात पट्टी मी कापली तर चालेल का? दर पंधरा दिवसांनी."

आबा म्हणाले, "कापा की. पर शेळीला घालायला मला द्या ते." शेळ्या ती खातात खऱ्या. पण तिच्यात क्षाराभ (अल्कलॉइड) वर्गातली काही द्रव्यं असतात, घोड्यांना तिने पोटशूळ होतो. इतर वैरणीत मूठभर ठीक, नुसता तिचाच भारा नको, असं सांगितलं. आणि फुलं-बोंडं धरलेली अजिबात नको, लेंडीखतातून परत येईल. "मंजी कवळी असतानाच," आबा म्हणाले. तेच तर.

ते गहू काढल्यावर रोटर मारणार आहेत. बांधाकडची पट्टी सोडायला कबूल झाले. बाकीच्या रानात जे व्हायचं ते होईल.

10 मार्च 2024

वाफा 3: मुळाचे 19 कोंब, 45 ग्रॅम. बियांची रोपं 2. वाफा 2 आणि 4 मध्ये मिळून 12. वाफा 5 मध्ये कागदाच्या कडेने 3. वाफा 6, चौदा.

आबांच्या पट्टीत मोजलं नाही. दोन टोपली निघाली.

फेरी आटोपून हात धुत होते तर आई वाटी घेऊन आल्या. वाटीत पाण्यात एक इवलं रोप, मुळासकट, न तुटता काढलेलं. तुळशीच्या बुडाशी होतं म्हणाल्या. चष्मा नाकावर सारून त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "बघ, चौकोनी दोन आहेत. टोकाला खाच पण आहे. हे बियांचं ना?"

बियांचंच होतं. 2023 च्या त्या वेलाचं.

पुढची फेरी 24 मार्च. त्या दिवशी होळी आहे, पुरणाचा घाट असेल, म्हणून सकाळी सहाला सुरू करायची.